डॉक्टर थिओडोर कोखर

स्वित्झर्लंड देशाच्या डोंगरी खोऱ्यांत पूर्वी गलगंडाचा रोग फार असे. तेथल्या मातींत व पाण्यांत आयोडीन हें द्रव्य अत्यल्प, म्हणून गळ्यांतील थायरॉइड नांवाची ग्रंथि सुजून कधीं कधीं नारळाएवढी होई, आणि रोग्याचा श्वास कोंडे. ती कापून काढावी तर तिच्यांत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें. सुरी लागतांच रक्ताचा लोट चाले व रोगी मेजावरच प्राण सोडी. गेलेलें रक्त भरून देण्याचा खात्रीचा उपाय त्या काळीं नव्हता. मनुष्याच्या रक्तांत निरनिराळे गट आहेत हा शोधच मुळीं १९०१ सालचा. १८५० च्या सुमारास अशा दहा रोग्यांपैकीं चार दगावत. फ्रान्समधील वैद्यमंडळानें तर ही शस्त्रक्रिया निंद्य ठरविली होती.

ज्या गृहस्थांनीं ही स्थिति पालटली, ते थिओडोर कोखर ता. २५ आगस्ट १८४१ रोजीं बर्न शहरीं जन्मले. वडील इंजिनीअर, मातोश्री मोरेव्हियन मंडळीच्या, आणि पुत्रानेंही त्या मंडळीशीं आपला संबंध जन्मभर राखला. पदवी मिळाल्यावर बर्लिन, लंडन, पॅरिस येथील नामांकित शस्त्रवैद्यांचें काम पाहून ते घरीं परतले, व १८७२ सालीं बर्नच्या विद्यापीठांत शस्त्रविद्येचे अध्यापक झाले. तेथेंच त्यांचीं पुढील ४५ वर्षें गेलीं.

भुलीचें औषध निघण्यापूर्वी ज्याचा हात चपळ तोच थोर सर्जन मानीत, आणि ही समजूत नंतरही पुष्कळ दिवस टिकली. कोखर मात्र सावकाश काम करीत. प्रत्येक रक्तवाहिनी शोधून, कापण्यापूर्वीच तिला दोहों बाजूंस चिमटे लावीत, मध्यें छेद घेत, मग दोन्ही तोंडें रेशमी धाग्यानें बांधून टाकीत. त्यांच्या चिमट्याच्या टोकास दांत असत, म्हणून धरलेलें निसटत नसे. आजही इस्पितळांत तो त्यांच्याच नांवानें ओळखतात. जागा कोरडी राहिल्यामुळें आवाजाची बारीक नसही दिसे व बचावे.

येथवर कीर्तीची गोष्ट झाली. पुढची सांगावयास कठीण आहे. १८८२ सालीं जिनीव्हाचे डॉ. रेव्हर्डिन ह्यांनीं त्यांस सांगितलें कीं, ग्रंथि समूळ काढल्याचा परिणाम पुढें वाईट होतो. कोखर ह्यांनीं आपल्या जुन्या रोग्यांस बोलावून घेतलें. त्यांत एक मुलगी होती. १८७४ सालीं, ११ वर्षांची असतां, तिची शस्त्रक्रिया झाली होती. आतां तिची धाकटी बहीण तिच्याहून उंच झालेली. हिची मात्र वाढ खुंटलेली, तोंड सुजलेलें, बुद्धि मंद. ग्रंथि संपूर्ण काढलेले जे १८ जण त्यांनीं तपासले, त्यांपैकीं १६ जणांस हाच विकार जडला होता.

वाचकांस नवल वाटेल, परंतु ह्या अनर्थाचें एक कारण त्यांचें कौशल्यच होतें. घाईनें कापणाऱ्याच्या हातून ग्रंथीचा एखादा तुकडा मागें राही, आणि रोग्यास तो पुरे. रक्ताचा थेंब न सांडतां काम करणाऱ्या हातानें मात्र कणही मागें ठेविला नाहीं. ही ग्रंथि शरीरांत काय करिते हें तेव्हां कोणासच ठाऊक नव्हतें.

हें सर्व झांकून ठेवणें सोपें होतें. रोगी दूरदूरच्या खेड्यांतले, विचारणारा कोण? पण एप्रिल १८८३ मध्यें बर्लिन येथें जर्मन शस्त्रवैद्यांच्या सभेपुढें त्यांनीं आपला सगळा हिशेब आंकड्यांनिशीं मांडला. साध्या गलगंडांत ग्रंथि सर्वस्वी काढावयाची नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. अशा रोग्यांस मेंढ्याच्या ग्रंथीच्या अर्कानें गुण येतो हें इंग्लंडांत १८९१ सालीं दिसून आलें.

१९१२ पर्यंत त्यांच्या हातून सुमारें ५००० गलगंड निघाले, आणि मृत्यूचें प्रमाण शेंकडा अर्ध्यावर आलें. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. शस्त्रवैद्यास तें मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढें बर्न येथें संशोधनसंस्था काढण्यासाठीं त्यांनीं मोठी रक्कम दिली. अमेरिकेचे हार्वे कुशिंग पुढें मेंदूच्या शस्त्रक्रियेंत प्रसिद्ध झाले. तेही कांहीं काळ त्यांच्याजवळ काम करीत होते.

ता. २७ जुलै १९१७ रोजीं कोखर बर्न येथेंच वारले. स्वित्झर्लंडांत मिठांत आयोडीन घालावयास १९२२ सालीं आरंभ झाला, आणि त्या खोऱ्यांतून गलगंड हळूहळू दिसेनासा झाला.