कर्करोगाच्या गाठीतील प्राणवायूचा शोधयात्री

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय असो वा परदेशातील एखादे केंद्र, किरणोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांत मात्रेच्या आकड्यापुढे ‘ग्रे’ हा शब्द असतो. हे एका ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे आडनाव आहे, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते. लुई हॅरॉल्ड ग्रे यांनी किरणांची मात्रा मोजण्याचे शास्त्र पक्क्या पायावर उभे केलेच. शिवाय अचूक मात्रा देऊनही काही गाठी पुन्हा का वाढतात, या कोड्यालाही त्यांनी हात घातला.

ग्रे यांचा जन्म 10 नोव्हेंबर 1905 रोजी लंडन परिसरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. परंतु शिष्यवृत्तीच्या बळावर ते ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत आणि तेथून केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात पोहोचले. रुदरफोर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांची जडणघडण झाली. वायूने भरलेल्या लहानशा पोकळीतील विद्युतभार मोजून भोवतालच्या पदार्थाने किती ऊर्जा शोषली, हे काढण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. ‘ब्रॅग-ग्रे तत्त्व’ या नावाने ती आजही शिकवली जाते.

अणुविज्ञानाच्या त्या सुवर्णकाळात केंब्रिज सोडणे सोपे नव्हते. तरीही 1933 मध्ये ग्रे यांनी लंडनजवळच्या माउंट व्हर्नन रुग्णालयाची वाट धरली. तेथे सहकारी जॉन रीड यांच्यासह त्यांनी न्यूट्रॉन निर्माण करणारे यंत्र उभारले. किरणांचा सजीव पेशींवरील परिणाम पाहण्यासाठी त्यांनी शेंगवर्गीय रोपांची कोवळी मुळे वापरली. प्राणवायूच्या अभावी या मुळांवर किरणांचा परिणाम कमी होतो, हे अशाच प्रयोगांतून पुढे आले.

1946 पासून ते हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधन विभागात होते. मात्र रुग्णालयात मूलभूत संशोधनाला किती स्थान असावे, यावरून मतभेद विकोपाला गेले आणि 1953 मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. नेमक्या त्याच वर्षी ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. किरण देताना पेशीत प्राणवायू नसेल, तर तोच परिणाम साधण्यासाठी अडीच ते तीनपट मात्रा लागते. कारण किरणांनी केलेली इजा प्राणवायूमुळे पक्की होते. तो नसेल तर पेशी सावरू शकते.

पण गाठीत प्राणवायू खरोखरच कमी असतो का? ब्रिटिश एम्पायर कॅन्सर कॅम्पेन या संस्थेच्या मदतीने ग्रे यांनी माउंट व्हर्ननमध्येच नवी प्रयोगशाळा उभी केली. त्यांचे सहकारी थॉमलिन्सन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तवाहिन्यांपासून मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्यापलीकडे पेशी मृत आढळल्या. वाटेतल्या पेशी वापरून टाकत असल्यामुळे तेवढ्या अंतरापुढे प्राणवायू पोहोचत नव्हता. जिवंत आणि मृत पेशींच्या सीमेवर, अर्धवट गुदमरलेल्या पेशी किरणांना दाद न देता टिकून राहत असाव्यात, असा निष्कर्ष 1955 मध्ये दोघांनी मांडला. त्याच सुमारास लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णांना उच्च दाबाचा प्राणवायू देऊन किरणोपचार करण्याचे प्रयोगही सुरू झाले.

1961 मध्ये ग्रे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 9 जुलै 1965 रोजी, वयाची साठी गाठण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले. जिवंत गाठीत सुईसारखे संवेदक घालून प्राणवायू थेट मोजण्याची सोय त्यानंतर रुळली.

या मोजणीत पाळीव कुत्र्यांचे साहाय्य मोलाचे ठरले. प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये गाठ बहुधा मुद्दाम रुजवावी लागते. कुत्र्याला मात्र ती माणसासारखीच आपसूक होते, सावकाश वाढते आणि आकारानेही माणसाच्या गाठीच्या जवळ जाते. किरणोपचारासाठी आणलेल्या कुत्र्यांच्या गाठींत प्राणवायूचे प्रमाण अनेकदा अत्यल्प आढळले. एकाच गाठीत ते जागोजागी वेगळे होते. ग्रे यांनी मृत नमुन्यांवरून बांधलेला अंदाज जिवंत प्राण्यांत असा खरा उतरला.

1975 मध्ये शोषित मात्रेच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांचे नाव देण्यात आले. एक किलो पदार्थाने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. मात्रा तंतोतंत मोजली तरी गाठीतील प्रत्येक पेशी तिला सारखीच बळी पडत नाही, हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाचेच नाव त्या मोजमापाला लाभले आहे.