चौंडीच्या लेकीचा न्याय

श्रावणी सोमवारी परळीला वैजनाथाच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या-मागच्या बायकांशी ओळख होतेच. अशाच एका सोमवारी माझ्या पुढे एक तरुण बाई होती. नवरा जाऊन वर्ष झालेलं, पदरी मूल नाही. सासरची माणसं हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागली होती. पोरबाळ नाही तर तुला जमीन कशाला, असा त्यांचा हिशोब. ताई, करून टाकू का सही, असं ती मला विचारत होती. मी तिला म्हटलं, बाई गं, ज्या देवळाच्या रांगेत आपण उभ्या आहोत ना, त्याचा जीर्णोद्धार एका विधवेनंच केलाय. आणि तिनं आपल्या राज्यात नेमका हाच प्रश्न सोडवला होता.

ती विधवा म्हणजे अहिल्याबाई होळकर. आपल्याला त्या ठाऊक असतात ते हातात पिंड घेतलेल्या चित्रातून आणि घाट-बारवांमुळे. पण त्यांनी राज्यात कायदा कसा राखला, न्याय कसा दिला, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज तेवढंच सांगते.

मैत्रिणींनो, अहिल्याबाई आपल्या शेजारच्याच. जामखेड तालुक्यातलं चौंडी हे त्यांचं गाव, आपल्या बीड जिल्ह्याच्या शिवेला लागूनच. त्या जिल्ह्याला 2024 पासून त्यांचंच नाव आहे. 31 मे 1725 रोजी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी या पोरीची हुशारी हेरली आणि खंडेरावांसाठी सून म्हणून तिला माळव्यात नेलं. सासऱ्यांनी तिला नुसतं चूल-मूल दिलं नाही. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद अशी सगळी कामं शिकवली. लाखात एक सासरा म्हणायचा!

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा 28 वर्षांच्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं, राज्याची जबाबदारी पुढे केली. त्या थांबल्या. पुढे 1766 मध्ये सासरे गेले आणि 1767 मध्ये एकुलता एक मुलगा मालेरावही गेला.

आता बघा, इथं त्या रांगेतल्या बाईचीच गोष्ट सुरू होते. घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हटल्यावर दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी घाट घातला. एखादं लहान मूल दत्तक घ्यायचं, बाईंनी देवधर्म करत बसायचं आणि कारभार आपण बघायचा! त्यासाठी राघोबादादांना फौजेसह बोलावलं. अहिल्याबाईंनी सही केली नाही. मी एकाची बायको आणि एकाची आई, माझा हक्क डावलणारे तुम्ही कोण, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी शिंदे, गायकवाड, भोसले यांना पत्रं धाडली, स्वतःची फौज सज्ज केली. राघोबादादांना माघार घ्यावी लागली. माधवराव पेशव्यांनीही कारभार बाईंकडेच राहू दिला. लष्कर तुकोजी होळकरांकडे आणि राज्याचा कारभार अहिल्याबाईंकडे, अशी वाटणी झाली. महेश्वरला राहून त्यांनी सुमारे 28 वर्षं राज्य केलं.

माळव्यातल्या वाटा तेव्हा सुरक्षित नव्हत्या. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. बाईंनी आधी समजुतीनं घेतलं. ते भागलं नाही तेव्हा कडक शिक्षाही केल्या. पण एवढ्यावर थांबल्या नाहीत. माणूस लुटायला का निघतो, हे त्यांनी ओळखलं होतं. भिल्लांना पडीक जमीन कसायला दिली. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा छोटा कर घ्यायचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. त्या बदल्यात वाट राखायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली आणि हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा, असं ठरवलं. लुटणाऱ्यालाच राखणदार केलं की हो!

त्या रोज दरबारात बसत, पडदा न पाळता. गरिबातला गरीब माणूसही थेट त्यांच्यापुढे येऊन गाऱ्हाणं मांडू शकत असे. त्यांच्या मृत्यूनंतर माळव्यात आलेल्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं लोकांकडून ऐकून हे सगळं 1823 च्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. परक्यानं, तेही राज्य जिंकून घेणाऱ्यांतल्या एकानं, एवढं कौतुक केलं म्हणजे त्यात तथ्य असणारच.

आणि आता मुद्द्याचं. निपुत्रिक माणूस मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करायची, असा रिवाज होता. विधवेच्या हाती काही राहत नसे. अहिल्याबाईंनी हे बंद केलं. नवऱ्याची मिळकत विधवेकडे राहू दिली, तिला दत्तक घ्यायची मोकळीक दिली, आणि त्यासाठी नजराणा उकळणाऱ्या अधिकाऱ्यांना चाप लावला. खजिना भरायची आयती संधी होती, ती त्यांनी सोडली.

देवळं, घाट, विहिरी बांधल्या त्या खासगीच्या उत्पन्नातून. काशी, सोमनाथ, वेरूळ, आपली परळी अशी ही कामं राज्याच्या हद्दीबाहेरही पसरली. महेश्वरला विणकर वसवले, त्यातून महेश्वरी साडी नावारूपाला आली.

पण त्यांच्याही हाताबाहेरचं काही होतंच. 1791 मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं परोपरीनं विनवलं. जिला सासऱ्यानं चितेवरून परत फिरवलं, तिला स्वतःच्या लेकीला फिरवता आलं नाही. एवढ्या कर्तबगार बाईपुढेही रूढी जिंकली. हे वाचताना माझ्या पोटात दर वेळी कालवतं. त्यानंतरही त्या कारभार बघत राहिल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

मैत्रिणींनो, आज तर 1956 चा वारसा कायदा आपल्या बाजूनं आहे. हिंदू विधवेला नवऱ्याच्या वाट्यात वारस म्हणून हक्क आहे, मूल असो वा नसो. सासू असेल तर तिचाही बरोबरीचा वाटा असतो. तरी तलाठ्याकडे वारस नोंद करायला आपण कचरतो आणि भाऊबंदकी नको म्हणून सही करून मोकळ्या होतो. त्या बाईला मी एवढंच सांगितलं, सही करायच्या आधी तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. बायकांना तिथं वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दर्शन झाल्यावर ती पायरीशी क्षणभर थांबली, हात जोडले. मग मला म्हणाली, आधी सातबारा काढते. मला अगदी बरं वाटलं. 31 मेला गावोगावी अहिल्याबाईंच्या फोटोला हार घालतात, घालावाच. पण त्या दिवशी आपल्या ओळखीतल्या एखाद्या एकटीला तलाठ्याकडे सोबत केली, तर चौंडीच्या या लेकीला ते जास्त आवडेल, असं मला वाटतं.