कागदाच्या नळीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

स्टेथोस्कोपचे जनक रेने लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. पाच वर्षांचे असतानाच त्यांची आई गेली. नांत शहरातील डॉक्टर काकांनी त्यांना वाढवले. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले.

१८१६ साली नेकेर रुग्णालयात हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. तिच्या स्थूलपणामुळे छातीवर बोटांनी ठोकून काही कळेना आणि थेट छातीला कान लावणे संकोचाचे होते. लेनेक यांनी कागदाची गच्च सुरळी करून एक टोक छातीवर व दुसरे कानाशी धरले. ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले! मग त्यांनी लाकडी नळी तयार केली. रुग्ण जिवंत असताना ऐकलेले आवाज ते लिहून ठेवत आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात फुप्फुसांशी ताडून पाहत. १८१९ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला.

हृदयाचा दोष नसतानाही पाण्याने भरलेल्या फुप्फुसांचे वर्णन लेनेक यांनी केले आहे. १९६७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अशाच स्थितीच्या १२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आज तिला 'एआरडीएस' म्हणतात. गंभीर न्यूमोनिया, रक्तातील जंतुसंसर्ग, मोठा अपघात किंवा स्वादुपिंडाची सूज यांमुळे वायुकोश आणि रक्तवाहिन्यांमधील नाजूक पडदा झिरपू लागतो, वायुकोशांत प्रथिनयुक्त पाणी साचते आणि रक्ताला प्राणवायू मिळेनासा होतो.

स्टेथोस्कोपला हे कळते ते पाणी साचल्यावर. त्याआधी कळेल का? पडद्याच्या पेशींना इजा झाली की सरफॅक्टंट प्रोटीन-डी, 'रेज' यांसारखे घटक रक्तात वाढतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तराकडून अँजिओपोएटिन-२ येते. धोक्यातील रुग्ण यांवरून आधीच ओळखता येतील का, यावर संशोधन सुरू आहे. मात्र यांतले काही घटक इतर आजारांतही वाढतात. त्यामुळे एकाच चाचणीवर निदान ठरत नाही आणि नेहमीच्या तपासण्यांत त्या अजून आलेल्या नाहीत. आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयात आजही श्वासांची गती, ऑक्सिमीटर आणि एक्स-रे यांवरच भिस्त असते. म्हणून न्यूमोनियाच्या रुग्णाला धाप वाढली, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी आली, तर घरी थांबू नका.

लेनेक स्वतः क्षयाने खंगले. त्यांचा पुतण्या मेरियादेक यानेच स्टेथोस्कोपने त्यांची छाती तपासली आणि क्षयाच्या खुणा ऐकल्या. निदान झाले, पण तेव्हा क्षयावर औषध नव्हते. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी ते गेले. एआरडीएसवरही आज एखादे हमखास औषध नाही. पण मूळ संसर्गावर लवकर उपचार, व्हेंटिलेटरवर छोटे श्वास आणि गंभीर रुग्णाला पालथे झोपवणे यांनी जीव वाचतात. लेनेक यांना निदानानंतर करण्यासारखे काही उरले नव्हते, आपल्याला आहे. म्हणूनच ते काही तास आधी कळणे मोलाचे.