क्रमाची किंमत सांगणारे कापरेकर गुरुजी

पिंपळगाव बसवंतच्या मुलांना ठाऊक हवेत असे आपल्याच नाशिक जिल्ह्यातले शिक्षक म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनमध्ये शिकून १९३० ते १९६२ देवळालीत शिकवलं. पदव्युत्तर पदवी नव्हती. काही विद्वानांनी त्यांचं काम हसण्यावारी नेलं. गुरुजी थांबले नाहीत.

बेरजेत संख्यांची अदलाबदल चालते, वजाबाकीत नाही. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढता क्रम वजा करा :
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

चारही अंक सारखे नसले की शेवटी ६१७४ च! १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने लिहिलं आणि गुरुजी जगभर पोचले. १९८६ मध्ये ते गेले. आजच्या फझी लॉजिकमध्येही माहिती एकत्र करताना कधीकधी क्रम बदलला की उत्तर बदलतं. उद्या फळ्यावर मुलांनाच संख्या निवडू द्या.