बिरसा मुंडा : भाकीत आणि भूमी

थोर पुरुषांच्या चरित्रात त्यांच्या यशाचीच गणना करावी, असा संकेत रूढ आहे. छोटानागपूरच्या बिरसा मुंडांचे चरित्र त्या संकेतात बसत नाही. म्हणूनच आम्ही ते वाचक बंधुभगिनींपुढे सादर करीत आहोत.

बिरसांचा जन्म 1875 साली, आजच्या झारखंडात, एका दरिद्री मुंडा कुटुंबात झाला. ज्यांच्या पूर्वजांनी अरण्य तोडून शेते केली, त्यांचीच गावची जमीन, ही मुंडांची प्राचीन खुंटकट्टीची रीत. इंग्रजी अमदानीत जमीनदार, ठेकेदार व सावकार यांनी ती मोडली आणि भूमीचे धनीच वेठीस राबू लागले.

चाईबासाच्या मिशन शाळेत बिरसा काही वर्षे शिकले. पुढे एका वैष्णव गृहस्थाचा सहवास त्यांस लाभला. 1895 मध्ये ते ईश्वराचे दूत म्हणून उपदेश करू लागले. अमुक दिवशी आकाशातून अग्निवर्षाव होईल व चलकद गावी आपल्याजवळ असतील तेच वाचतील, असे त्यांनी सांगताच लोकांनी शेते टाकून चलकदची वाट धरली. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. त्याच वर्षी सरकारने बिरसांस पकडले व त्यांस दोन वर्षांची सक्तमजुरी झाली.

सुटकेनंतर रात्रीच्या सभांतून नवे भाकीत घुमू लागले : परक्यांचे राज्य बुडेल, मुंडांचे राज्य येईल, शत्रूच्या गोळ्यांचे पाणी होईल. 24 डिसेंबर 1899 रोजी उलगुलान, म्हणजे महाबंड, पेटले. 9 जानेवारी 1900 रोजी सैल रकबच्या टेकडीवर धनुष्यबाणांनिशी जमलेल्या मुंडांवर फौजेने गोळीबार केला. गोळ्यांचे पाणी झाले नाही. स्त्रियांचे व बालकांचेही प्राण गेले. फेब्रुवारीत बिरसा पकडले गेले व 9 जून 1900 रोजी रांचीच्या तुरुंगात, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, निवर्तले.

मग बिरसांस आम्ही काय म्हणावे? भाकितावर भिस्त ठेवून जे बंदुकांपुढे उभे राहिले, त्यांच्या प्राणांचा हिशेब चरित्रकाराने टाळू नये. परंतु खचलेल्या समाजास ताठ उभे करण्याचे सामर्थ्यही त्याच श्रद्धेत होते, हेही तितकेच खरे. भाकिते फोल ठरली, तरी जमिनीविषयीची तक्रार खरी होती. ती सरकारासही अखेर ऐकावी लागली. 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्याने खुंटकट्टीचे हक्क मान्य केले व आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जाण्यास बंधने घातली.

लोक ज्याच्या शब्दावर प्राण देतात, त्याने शब्द किती तोलून उच्चारावा, हा विचार प्रत्येक समाजाच्या धुरीणांनी या चरित्रावरून करावा, इतकीच आमची विनंती आहे.