फ्लॉरेन्सची शाळा

बारावीनंतर नर्सिंगची पदवी घ्यायची असेल तर काय करावे लागते, हे तुमच्यापैकी काहीजणींना ठाऊक असेल. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घ्यावी लागते. प्रवेश परीक्षा द्यावी लागते, अर्ज भरावा लागतो, दाखले जोडावे लागतात. प्रवेश मिळाला की चार वर्षे वर्गात आणि रुग्णालयात शिकावे लागते. अभ्यास कठीण आहे, मेहनत पुष्कळ आहे; पण वाट ठरलेली आहे. कोठे जायचे आणि कोणाला विचारायचे, हे माहीत असते.

आता अशी एक मुलगी डोळ्यांपुढे आणा, की जिला हेच शिकायचे आहे. पण तिच्या देशातल्या रुग्णालयांत नर्सांना शिकवण्याची पद्धतच नाही. शिवाय तिने हे काम शिकावे, असे घरातल्या कोणालाही वाटत नाही. या मुलीचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी फ्लॉरेन्स सर्वांना माहीत आहे. भिंतीवरच्या तक्त्यांत तेच चित्र असते. पण तो दिवा हातात येण्यापूर्वीची कितीतरी वर्षे तिने फक्त शिकायला मिळावे म्हणून घालवली. ती हकिकत फारशी कोणी सांगत नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. त्या शहरावरूनच तिचे नाव ठेवले गेले. आईवडील इंग्रज होते आणि खूप श्रीमंत होते. इंग्लंडमध्ये त्यांची दोन मोठी घरे होती. वडिलांनी फ्लॉरेन्सला आणि तिची मोठी बहीण पार्थेनोपी हिला स्वतः शिकवले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास असे अनेक विषय त्या शिकल्या. फ्लॉरेन्सला गणिताची फार आवड होती. त्या काळात मुलींना गणित कशाला, असे लोक म्हणत. ते शिकण्यासाठीही तिला घरात हट्ट धरावा लागला.

१८३७ साली, सोळा वर्षांची असताना, परमेश्वराने आपल्याला कोणत्या तरी कामासाठी हाक दिली आहे, असे तिला वाटले. काम कोणते, हे मात्र उमगले नाही. गावातल्या गरीब आजाऱ्यांकडे जाता-येता तिच्या लक्षात आले, की नुसती दया असून भागत नाही. आजाऱ्याला केव्हा काय द्यावे, जखम कशी बांधावी, हे कळावे लागते. हे शिकले पाहिजे, असे तिने मनाशी ठरवले.

१८४५ साली तिने घरात पहिल्यांदा ही गोष्ट काढली. सॉल्सबरी येथील रुग्णालय घरापासून फार दूर नव्हते. तेथील डॉक्टर फाउलर हे कुटुंबाचे स्नेही होते. त्यांच्या हाताखाली तीन महिने शिकावे, असा तिचा बेत होता. तो ऐकताच घरात एकच गोंधळ उडाला. आई घाबरली, बहीण रडू लागली, वडील नाराज झाले. बेत तेथेच संपला.

आईचा राग अगदीच विनाकारण होता, असे म्हणता येणार नाही. त्या काळची रुग्णालये घाणेरडी आणि कोंदट असत. तेथे काम करणाऱ्या बायकांना कोणी काही शिकवत नसे. पगार तुटपुंजा असे. पुष्कळजणी दारू पीत आणि वॉर्डातच झोपत. चांगल्या घरातली मुलगी तेथे पाऊलही टाकत नसे. मुलीची बदनामी होईल, ही आईची भीती खरी होती. पण ती घाण कोणी तरी साफ केली पाहिजे, हे फ्लॉरेन्सचे म्हणणेही तितकेच खरे होते.

मग तिने दुसरा मार्ग धरला. पहाटे, घरातले सगळे झोपलेले असताना ती उठे. अंगावर शाल पांघरून मेणबत्तीच्या उजेडात वाचायला बसे. काय वाचे? कादंबऱ्या नव्हेत. रुग्णालयांचे अहवाल, सार्वजनिक आरोग्याविषयीचे सरकारी अहवाल, रोग्यांचे आणि मृत्यूंचे आकडे! पॅरिस आणि बर्लिन येथील ओळखीच्या लोकांकडूनही तिने माहिती मागवली. वाचलेले सारे ती वह्यांत टिपून ठेवी. न्याहारीची घंटा झाली की वह्या बंद होत. मग दिवसभर कोठीतल्या चादरी मोजायच्या, काचेची आणि चिनी मातीची भांडी मोजायची, पाहुण्यांशी गप्पा मारायच्या. अशी कितीतरी वर्षे गेली. युरोपातल्या रुग्णालयांविषयी तिला जितके माहीत होते, तितके फार थोड्या लोकांना माहीत असेल. पण पट्टी कशी बांधायची, हे तिला कोणी हाताला धरून शिकवले नव्हते.

१८४६ साली एका जर्मन स्नेह्याने तिला एक वार्षिक अहवाल पाठवला. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी कैसर्सवर्थ नावाचे गाव आहे. तेथे पाद्री फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये एक संस्था काढली होती. तेथे साध्या घरांतल्या मुलींना रुग्णसेवा शिकवली जात असे. तेथील शिस्त कडक होती आणि संस्थेचे नाव चांगले होते. आपल्याला हवी ती जागा हीच, हे फ्लॉरेन्सने ओळखले. पण तेथे पोहोचायला तिला आणखी पाच वर्षे लागली!

मधल्या काळात तिने एका सुशिक्षित, नामांकित माणसाचा विवाहाचा प्रस्ताव नाकारला. तो माणूस तिला आवडत होता. तरीही तिने नकार दिला. आई फार दुःखी झाली. १८५० मध्ये इजिप्त आणि ग्रीसच्या प्रवासाहून परतताना फ्लॉरेन्स दोन आठवडे कैसर्सवर्थला राहिली. घरी आल्यावर बहिणीने आकांत केला. तिची समजूत काढण्यासाठी फ्लॉरेन्सला सहा महिने सर्व कामे सोडून केवळ बहिणीच्या मर्जीप्रमाणे वागावे लागले.

शेवटी १८५१ च्या जुलै महिन्यात ती शिकण्यासाठी कैसर्सवर्थला दाखल झाली. आई आणि बहीण हवापालटासाठी परदेशी आल्या होत्या, त्याच वेळी तिला ही परवानगी मिळाली. ती कोठे आहे, हे ओळखीपाळखीच्या लोकांना मात्र कळू द्यायचे नव्हते. फ्लॉरेन्स तेव्हा ३१ वर्षांची होती. तेथील रीतीप्रमाणे तिने आपल्या आयुष्याची हकिकत स्वतःच्या हाताने लिहून दिली. तोच तिचा अर्ज म्हणायचा.

तेथे पहाटे पाच वाजता उठावे लागे. पावणेसहाला राय नावाच्या धान्याची पेज, दुपारी बारा वाजता भाज्यांचे पातळ सूप, दोन वाजता रायचाच चहा आणि संध्याकाळी सातला पुन्हा सूप. प्रत्येक वेळी खाण्यासाठी दहा मिनिटे. बाकीचा वेळ काम. नोकरांच्या हातून वाढून घेणारी ही मुलगी आता अनाथ मुलांच्या घरात झोपत होती आणि रोग्यांचे सर्व काही करत होती. पाय कापण्याची शस्त्रक्रियाही तिने जवळ उभे राहून पाहिली. ती या दिवसांत फार आनंदात होती. मात्र आनंदात असली तरी तिचे डोळे उघडे होते. तेथील माणसे उत्तम आहेत. पण रुग्णसेवेचे शिक्षण अपुरे आहे आणि स्वच्छता तर वाईटच आहे, असे मत तिने पुढे मोकळेपणाने मांडले. ज्या जागेसाठी इतकी वर्षे झगडा केला, तिचे दोष सांगायलाही मन मोठे लागते.

शिक्षण झाले ते एवढेच, तीन महिन्यांचे. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठी चालवलेल्या एका छोट्या रुग्णालयाची ती प्रमुख झाली. पगार नव्हता. वडिलांनी मात्र आता तिला वर्षाला ५०० पौंड द्यायचे कबूल केले. फ्लॉरेन्सने प्रत्येक मजल्यावर गरम पाणी आणि जेवण वर नेण्यासाठी उचलयंत्र हवे, असा आग्रह धरला. नर्सने दिवसभर जिने चढत बसायचे, तर रोग्याजवळ थांबायचे केव्हा, असा तिचा हिशेब होता.

पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्रज आणि तुर्क एका बाजूला होते, रशिया दुसऱ्या बाजूला. जखमी इंग्रज सैनिकांना स्कुटारी येथे आणले जाई. स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूल शहरातले उस्कुदार. तेथे नर्सांना घेऊन जाण्याचे काम सरकारने फ्लॉरेन्सवर सोपवले. तिला ४० जणी हव्या होत्या, ३८ मिळाल्या. त्यांतल्या काही उत्तम होत्या, काहींना मात्र परत पाठवावे लागले. शिकलेल्या नर्स आणायच्या तरी कोठून? स्कुटारीचे रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभे होते. पहिल्या हिवाळ्यात तेथे माणसे पटापट मेली. १८५५ च्या वसंतात सरकारी पथकाने गटारे साफ केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. युद्धानंतर फ्लॉरेन्सने सारे आकडे पुन्हा मांडून पाहिले. जखमांपेक्षा घाणीनेच अधिक माणसे मेली, हे तिने मान्य केले आणि सरकारलाही दाखवून दिले.

तिच्या गौरवासाठी लोकांनी सुमारे ४५,००० पौंडांचा निधी जमवला होता. त्या पैशांतून १८६० च्या उन्हाळ्यात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सांची शाळा सुरू झाली. नर्सला शिकवायचे काय, ती तर मोलकरणीसारखी, असे तेथील एका ज्येष्ठ शल्यविशारदाचे मत होते. तरीही शाळा निघाली. अर्ज करणारी २५ ते ३५ वर्षांची असावी, तिच्याजवळ चांगल्या वर्तणुकीचा दाखला असावा, असे नियम होते. पहिल्या तुकडीत १५ जणी आल्या. शिक्षण एक वर्षाचे. राहणे, जेवण, गणवेश, कपड्यांची धुलाई फुकट आणि वर्षाला १० पौंड हातखर्च. प्रत्येकीला झोपायला स्वतंत्र खोली मिळे. मुलीच्या आईला काळजी वाटू नये, अशी ही व्यवस्था होती! त्यामागे फ्लॉरेन्सच्या स्वतःच्या आईची आठवण असेल, असे मला वाटते.

अभ्यास सोपा नव्हता. डॉक्टरांची व्याख्याने ऐकून टिपणे काढावी लागत. वॉर्डात काम तर रोजच असे. मेट्रन दर महिन्याला प्रत्येकीचा तक्ता भरी. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांची त्यात नोंद असे. पट्टी बांधणे, रोग्याला उचलणे, त्याचे निरीक्षण करणे अशा कामांचीही असे. विद्यार्थिनींना बाहेर जायचे तर दोघींनी मिळून जावे लागे.

फ्लॉरेन्स स्वतः १८५७ पासून आजारी होती आणि बहुतेक वेळ खोलीतच असे. तिने या शाळेत कधी वर्ग घेतला नाही. पण तक्ते आणि विद्यार्थिनींच्या रोजनिशा ती वाचत असे. १८७२ च्या सुमारास शिकवण्यात ढिलाई आली आहे, असे तिला कळले. तिने चौकशी केली आणि व्यवस्था बदलायला लावली. त्यानंतर ती विद्यार्थिनींना एकेक करून घरी बोलवू लागली. चहा आणि केक देऊन ती त्यांना बारीकसारीक प्रश्न विचारी आणि प्रत्येकीविषयी लिहून ठेवी. तोवर या शाळेत तयार झालेल्या नर्स दूर ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचल्या होत्या. १८६८ मध्ये त्यांची पहिली तुकडी सिडनीत उतरली होती.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, फ्लॉरेन्सचे लंडनमध्ये निधन झाले. तिला एम्ब्ली येथील जुन्या घराजवळ, ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात पुरले आहे. तेथील दगडावर तिच्याविषयी फक्त नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत. ज्या घरात ती पहाटे उठून अहवाल वाचत असे, ते घर तेथून जवळच आहे.