सम्राट अशोक : शस्त्र हाती असताना क्षमा

अहिंसेचा विचार निघाला म्हणजे एक आक्षेप हटकून पुढे येतो. ज्याच्या दारी शत्रू उभा नाही त्याने क्षमा सांगावी. प्रजेचे रक्षण ज्याच्या माथी आहे त्यास ती परवडत नाही, असा तो आक्षेप होय. मौर्य सम्राट अशोकाच्या चरित्रात या आक्षेपाची परीक्षा झालेली आहे.

चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा पुत्र असलेला हा राजा इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास पाटलिपुत्राच्या सिंहासनावर आला. अभिषेकास ८ वर्षे झाली असता त्याने कलिंग जिंकले. दीड लक्ष माणसे बंदी करून नेली गेली, एक लक्ष मारली गेली व त्याच्या कितीतरी पट मागाहून मेली, ही गणना त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरविली. पराभूत राजाचा विलाप पुष्कळ आढळतो. विजयी राजाचा अनुताप मात्र विरळा. कलिंगातील धौली व जौगड येथे हा लेख नाही. तेथे निरपराध्यास बंधन व छळ होऊ नये अशी अधिकाऱ्यांस ताकीद देणारे व सीमेवरील लोकांस अभय देणारे निराळे लेख आहेत.

तथापि हा अनुताप भाबडा नव्हता. त्याच तेराव्या लेखात अरण्यवासी लोकांस तो समजावितो, आणि पश्चात्ताप झाला तरी आपले सामर्थ्य शिल्लक आहे, हेही बजावतो. सैन्य मोडल्याचा उल्लेख त्याच्या लेखांत नाही. देहदंडही त्याने रद्द केला नाही. अभिषेकानंतर २६ वर्षांनी दंडितांस ३ दिवसांची मुदत मात्र दिली. पाकशाळेतील हिंसा २ मोर व १ हरिण इतकी खाली आणली व तीही पुढे थांबेल असे सांगितले. अपुरेपण त्याने झाकले नाही.

इ. स. पूर्व २३२ च्या सुमारास तो निवर्तला. सुमारे ५० वर्षांनी बृहद्रथ हा शेवटचा मौर्य राजा आपल्याच सेनापतीच्या, पुष्यमित्राच्या हातून मारला गेला. अहिंसेने राज्य बुडविले, असे काही इतिहासकारांनी म्हटले. परंतु तो वध सैन्याची पाहणी चालू असताना झाला, अशी परंपरा आहे. म्हणजे सेना होती. नव्हती ती निष्ठा. तो दोष अहिंसेच्या पदरी कसा घालावा?

यावरून निर्णय असा. पूर्ण अहिंसा ज्याने सर्व परिग्रह टाकला त्यासच साधते. अशोक त्या पदास पोहोचला नाही. परंतु आक्षेपही टिकत नाही, कारण मारण्याचे सामर्थ्य असूनही हात आवरता येतो व त्याने राज्य लगेच बुडत नाही, एवढे त्याने सिद्ध केले. दुर्बलाच्या क्षमेविषयी शंका घेता येईल. समर्थाने आवरलेल्या हाताविषयी ती घेता येत नाही.